आप्पांचा निरोप किती सौम्य करावा?

पत्राचा गोषवारा: अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. माहेर नाशिक शहरातलं, लग्नाला अकरा वर्षं झाली. सासरी कापूस, मका आणि थोडी दादर ज्वारी. धाकटे दीर पुण्यात नोकरीला. वाटणीवरून बाप-लेकाचं बिनसलं, तेव्हापासून सासरे (घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात) धाकट्याशी थेट बोलत नाहीत. "त्याला सांग," म्हणतात आणि ताई फोन लावतात. दिवाळीनंतर कापसाच्या पैशांतले दोन लाख दिरांनी फ्लॅटच्या हप्त्यासाठी नेले. फेब्रुवारीत परत द्यायचं ठरलं होतं, कारण विकास सोसायटीचं पीक कर्ज त्यातूनच फेडायचं होतं. मार्च लागल्यावर आप्पा म्हणाले, "31 तारखेच्या आत दोन लाख आले नाहीत तर त्याला म्हणावं, मन्हा घरमा पाय ठेवू नको." ताईंनी फोनवर सांगितलं, "भाऊजी, आप्पा जरा काळजीत आहेत. तेवढं पैशांचं बघाल का, जमेल तसं?" भाऊजी "बघतो" म्हणाले. 31 मार्च आला आणि गेला. व्याजाची सवलत बुडाली, आप्पांचं नाव थकबाकीत लागलं. आता आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आहे. दीर म्हणतात, "वहिनी, नीट सांगितलं असतंत तर कुठूनही उभे केले असते." आप्पा म्हणतात, हिने माझा शब्द बदलला. यजमान म्हणतात, "तुला सगळंच पातळ करायची सवय." ताई विचारतात: भांडण नको म्हणून शब्द मऊ केले, हे खोटं बोलणं झालं का? यापुढे जसंच्या तसं सांगू, की निरोप नेणंच सोडून देऊ?

ताई,

आधी एक हिशेब मांडू. तीन माणसं तुमच्यावर रागावली आहेत आणि त्या तिघांतल्या कुणीही मार्चच्या त्या महिन्यात स्वतः फोन लावला नाही. आप्पांना फोन येत नाही असं नाही, सोसायटीच्या सचिवांशी ते रोज बोलतात असं तुम्हीच लिहिलंय. भाऊजी त्याच घरात वाढले. 31 मार्च म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत भरलं तर व्याज शून्य, तारीख चुकली की सवलत गेली आणि जुनं फिटेपर्यंत नवं कर्ज अडलं, एवढं गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. राहिले यजमान. ते तर सख्खे भाऊ. तुमचा निरोप पातळ होतो हे त्यांना आधीपासून दिसत होतं, तर त्यांनी स्वतः एक दाट निरोप का पाठवला नाही, हे त्यांना एकदा विचारा. भांडायला म्हणून विचारू नका. उत्तर काय येतं ते ऐकायला विचारा.

एवढं सांगूनही तुमचा वाटा उरतोच, आणि तुम्ही तो टाळलेला नाही म्हणून त्यावर सविस्तर बोलता येईल.

खोटं बोललात का? तुमच्या निरोपाच्या पहिल्या अर्ध्यात नाही. दुसऱ्या अर्ध्यात, जवळजवळ हो.

आप्पांचं वाक्य पुन्हा वाचा. त्यात एक रक्कम होती, एक तारीख होती, एक धमकी होती आणि राग होता. तुमच्या वाक्यात रागाची 'जरा काळजी' झाली. दोन लाखांचं 'पैशांचं' झालं. धमकी गेली. आणि 31 तारखेच्या जागी 'जमेल तसं' आलं. राग आणि धमकी तुम्ही काढलीत, याबद्दल मी तुम्हाला एका शब्दानं दोष देणार नाही. दुसऱ्याचा राग त्याच्या लेकापर्यंत गरमागरम पोचवणं हे कुणाचंच कर्तव्य नसतं. पण रक्कम आणि तारीख यांत राग नव्हताच. तिथे मऊ करायला काही नव्हतं. आणि 'जमेल तसं' हे तर मुदतीच्या बरोबर उलट आहे. आप्पा म्हणाले मुदत आहे, तुम्ही सांगितलंत मुदत नाही.

तुम्ही पत्रभर 'मऊ केलं' हे एकच क्रियापद वापरलंय. त्यामुळे घोटाळा असा झाला की चार वेगळ्या गोष्टी तुम्हाला एकच वाटल्या. राग निवू देणं ही एक गोष्ट. त्यात शब्द बदलत नाहीत, फक्त वेळ जातो. टोचणारं टोक बोथट करणं ही दुसरी. 'घरमा पाय ठेवू नको'च्या जागी 'आप्पा फार चिडलेत' म्हणणं, हे ते. मजकूर पातळ करणं ही तिसरी. 'दोन लाख'चं 'तेवढं पैशांचं' होतं, ते तिथे. आणि चौथी म्हणजे अट शिथिल करणं. ही चौथी तुमच्या हातातलीच नव्हती. संचारबंदी शिथिल करायची तर जिल्हाधिकारी करतात, चौकातला हवालदार करत नाही. भरतीतली वयाची अट सरकार शिथिल करतं, अर्ज तपासणारा कारकून नाही. ज्यानं अट घातली तोच ती सैल करू शकतो. आप्पांची तारीख तुम्ही त्यांना न विचारता सैल केलीत. ते 'माझा शब्द बदलला' म्हणतात तेव्हा त्यांना धमकी गाळल्याचं दुःख नसावं. तारीख गेली, ते झोंबलंय.

आता स्वयंपाकघरातलं एकच सांगते. शेवभाजीचा रस्सा जहाल झाला की नवीन माणूस त्यात तांब्याभर पाणी ओततो. काळ्या मसाल्यातलं तिखट तेलात उतरलेलं असतं, पाण्यात नाही. म्हणून पाणी घातल्यावर तर्री वर तरंगत राहते, पहिला घास तसाच जाळतो आणि मीठ मात्र पार फिकं होतं. तुमच्या निरोपाचं हेच झालं. घरातला राग जसाच्या तसा राहिला, उलट वाढला, आणि कामाचा मजकूर तेवढा अळणी झाला. जाणती बाई रश्श्याला हात लावत नाही. बाजूला दही देते, लिंबू देते, भाकरीवर तूप घालते.

निरोपाच्या बाबतीत हे दही-लिंबू म्हणजे काय, ते नीट पाहू, कारण सगळी गोम इथेच आहे. 'जरा' हा शब्द घ्या. आपण दिवसातून शंभरदा वापरतो. "जरा पाणी दे" म्हटलं तर मागणाऱ्याला घोटभर पाणी नको असतं, तांब्याभरच हवं असतं. तिथे 'जरा' पाण्याला लागत नाही, मागण्याला लागतो. हुकूम मऊ होतो, पाणी तेवढंच राहतं. पण "आप्पा जरा काळजीत आहेत" म्हटलं की तोच 'जरा' काळजीला चिकटतो आणि काळजी लहान होते. विनंतीला लावला तर तो अदब आहे, वस्तुस्थितीला लावला तर घट आहे. 'थोडं', 'तेवढं', 'बघाल का', 'म्हटलं विचारावं' या सगळ्यांचं असंच. तुमच्याकडे हे शब्द भरपूर आहेत, ती तुमची श्रीमंती आहे, टाकून देऊ नका. फक्त त्यांची जागा बदला. "भाऊजी, जरा एवढं कराच. 31 मार्चच्या आत दोन लाख सोसायटीत भरायचेत. नाही भरले तर व्याजाची सवलत जाते. आप्पा फार चिडलेत." या चार वाक्यांत शिवी नाही, धमकी नाही, आवाज चढलेला नाही. आणि काही कमीही झालेलं नाही.

'शक्यतो', 'सवडीने' आणि 'जमेल तसं' या तिघांना मात्र पैशाच्या आणि औषधाच्या निरोपातून कायमची सुट्टी द्या. हे विनंतीला लागतच नाहीत, थेट मुदतीलाच खातात.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाकडे येते. आप्पांचं बोलणं भयंकर कठोर होतं आणि ते तसंच गेलं असतं तर घर तुटलं असतं, असं तुम्ही धरून चालला आहात. ते कठोर कुणाच्या कानांना लागलं? नाशिकच्या तुमच्या माहेरी 'घरात पाय ठेवू नको' हे वाक्य कुणी उच्चारलं असेल तर त्यानंतर बहुधा खरंच कुणी पाय ठेवला नसेल. आप्पांच्या तोंडून अकरा वर्षांत ते तुम्ही किती वेळा ऐकलं? मोटर जळली तेव्हा मिस्त्रीला? मजुरांचा मुकादम उशिरा आला तेव्हा? आणि त्यांतले किती जण दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून चहा प्यायले? सगळी अहिराणी घरं अशी असतात असं मी म्हणत नाही. पण बऱ्याच घरांत बोलण्याची पट्टीच वरची असते. आई-बापालाही 'तू' म्हणणारी ही बोली, तिच्यात रागाचे शब्द मोठे आणि राग त्यामानाने आटोपशीर.

भाऊजी त्या पट्टीत वाढले. बापाच्या वाक्यातून किती वजा करायचं, हे त्यांना लहानपणापासून माहीत. मूळ वाक्य कानावर पडलं असतं तर 'पाय ठेवू नको' त्यांनी आपोआप वजा केलं असतं आणि 31 तारीख व दोन लाख हातात राहिले असते. ती वजाबाकी तुम्ही आधीच करून पाठवलीत. त्यांनी सवयीनं उरलेल्यातून पुन्हा वजा केलं. शिवाय तुम्ही बोललात नाशिकच्या मराठीत, अहो-जाहो करून. पुण्यात ते दिवसभर ऑफिसात हीच भाषा ऐकतात, आणि तिथे 'जमेल तसं बघा'चा अर्थ 'पुढच्या महिन्यात आठवण करा' असा असतो. म्हणून भाऊजींचं "नीट सांगितलं असतंत तर" हे अगदीच कांगावा नाही. थोडा आहे. पूर्ण नाही.

दुसरं गृहीतक उलट बाजूचं, तुमच्या शेवटच्या प्रश्नात दडलेलं. जसंच्या तसं सांगणं म्हणजे खरं सांगणं, असं तुम्हाला वाटू लागलंय. मला तसं वाटत नाही. आप्पांनी ते वाक्य म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा होता, हातात सोसायटीची नोटीस होती, आणि तुम्हीच लिहिलंय की त्याच रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "तो आखाजीले येई का?" फोनवरून फक्त शब्द गेले असते, ही रात्र गेली नसती. शब्द तंतोतंत आणि माणूस अर्धवट, असा निरोपही खोटाच ठरतो. म्हणून रागातून गाळायचं ते गाळा, त्याची अपराधी भावना मनात ठेवू नका. "तुझ्या चुलतभावाने बघ ट्रॅक्टर घेतला" असली तुलना, वाटणीचे जुने वाद, सूनबाईंच्या माहेरचा उद्धार, हे सगळं ओट्यावरच राहू द्या.

मवाळ बोलणारा माणूस लेचापेचा असतो ही आपल्याकडची जुनी समजूत. 1907 साली सुरतेला, म्हणजे आपल्या तापीच्याच काठावर, काँग्रेस फुटली आणि त्या जहाल-मवाळ वादात 'मवाळ' हा शब्द टोमण्यासारखा फेकला जाऊ लागला. पण त्या मवाळांचे पुढारी गोपाळ कृष्ण गोखले 1902 साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलले ते आठवा. संबोधनं अदबीची, सूर शांत, आणि मुद्दा असा की दुष्काळात पिचलेल्या लोकांवर कर जड आहेत आणि सरकार तिजोरीतली शिल्लक मिरवतंय. मिठावरचा कर कमी करा, अशी मागणी. भाषा मवाळ होती, आकडे मवाळ नव्हते. यजमान पुन्हा 'पातळ' म्हणाले तर हे सांगून पाहा. उपयोग होईल याची खात्री देत नाही.

इतकं लांब जायचीही गरज नाही. आखाजीला गावात सालदार, म्हणजे वर्षभराचे शेतगडी, ठरतात, तेव्हा आप्पांकडेच बघा. चहा येतो, लेकराबाळांची चौकशी होते, "तू तर घरचाच" म्हणून होतं. आणि सालाचा आकडा निघाला की त्यात 'जरा' नाही, 'जमेल तसं' नाही. किती रुपये, किती धान्य, उचल किती, सगळं चोख. मऊ आणि चोख एका बैठकीत कसं बोलायचं हे तुमच्या सासऱ्यांना उत्तम येतं. फक्त लेकाशी येत नाही.

एक नाजूक गोष्ट. तुम्ही लिहिता, भांडण नको म्हणून मऊ केलं. भांडण कुणाला नको होतं? आप्पा तर भांडायला तयारच होते. भाऊजींनाही त्याची सवय आहे. त्या फोनवर कडू बोलायचं होतं ते तुम्हाला, आणि अवघडणार होतात तुम्ही. शब्द मऊ केल्यावर पहिला आराम बोलणाऱ्याला मिळतो. याची लाज वाटण्याचं कारण नाही, दोघांच्या मध्ये अडकलेल्या कुठल्याही माणसाला असंच होतं. पण 'घर जोडण्यासाठी' असं मोठं नाव त्याला दिलं की पुढच्या वेळीही तेच घडेल. फोन लावण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: हा शब्द मी त्यांच्यासाठी बदलतेय की हा फोन लवकर संपावा म्हणून?

निरोप नेणं अजिबात सोडून द्यावं का? एकदम नको, तुम्ही बाजूला झालात तर हे घर वर्षभर मुकं राहील अशी मला भीती वाटते. पण कमी करा, आणि रीत बदला. आप्पा "त्याला सांग" म्हणाले की तिथेच विचारा, "आप्पा, एवढं सांगू का: 31 तारीख, दोन लाख, नाहीतर सवलत जाते?" ते म्हणतील, "हां, सांग." पाय न ठेवण्याचं वाक्य अशा वेळी बहुतेक स्वतःच गळून पडतं आणि गाळणारे आप्पा असतात, तुम्ही नाही. नाही गळलं तर म्हणा, "हे तुम्हीच बोला, मी फोन लावून देते." आप्पांना व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायला शिकवा. त्यांच्याच आवाजात, अहिराणीत गेलेला निरोप भाऊजी बरोबर पट्टीत ऐकतील. आणि तुमचं स्वतःचं मत असेल तर ते वेगळं सांगा: "हे आप्पांचं झालं. आता माझं सांगते." दोन्ही एका वाक्यात कालवू नका, कारण मग आप्पा कुठे संपले आणि वहिनी कुठे सुरू झाल्या हे समोरच्याला कळत नाही.

तुमच्यासारख्या मधल्या खुर्चीत बसलेल्या इतर वाचकांनाही हे लागू पडेल. उपाशीपोटीची साखर 126 किंवा त्याहून वर गेली आणि पुन्हा तपासून तेच आलं की डॉक्टर मधुमेह म्हणतात. घरी येईपर्यंत त्याचं 'थोडी साखर वाढलीय' होतं आणि आमरसाची वाटी पुढे येते. आकडा सांगा, हात हातात घेऊन सांगा, पण आकडा सांगा. नापास होऊ घातलेल्या मुलाच्या पालकांना 'अभ्यासात जरा लक्ष द्यायला हवं' असं सांगणाऱ्या शिक्षकांनाही माझी हीच विनंती.

आता आखाजीच्या आधीचं काम. भाऊजींना फोन करा आणि त्या दिवशी आप्पा नेमकं काय म्हणाले होते ते त्यांच्याच शब्दांत, पाय ठेवू नको यासकट, सांगा. मग तुम्ही काय सांगितलंत तेही सांगा. "तारीख मी गाळली, ती माझी चूक. पैसे तुम्ही दिले नाहीत, ती तुमची." इतकंच. यापेक्षा जास्त माफी मागू नका, नाहीतर सगळं थकीत तुमच्या नावावर चढेल. मग आप्पांना सांगा की मूळ शब्द पोचवले.

नंतर सोसायटीत जाऊन मुद्दल, आजपर्यंतचं व्याज आणि भरायचा एकूण आकडा कागदावर लिहून घ्या. खरिपाचं नवं कर्ज त्यावर अडलंय, म्हणून हे आधी. मुद्दल भाऊजींनी द्यायचं आहेच. व्याजाचा भुर्दंड कुणी किती सोसायचा हे दोघा भावांनी आपसात बोलून ठरवावं, आणि त्या बोलण्यात तुम्ही नसावं. कागदाचा फोटो भाऊजींना यजमानांच्या फोनवरून जाऊ द्या. खाली भरण्याची तारीख यजमानांनी स्वतः टाइप करावी.